लाइन देऊ नका

बकुळाआत्या रावपुऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये होती
बावीस वर्षं, त्यातली निम्मी रात्रपाळीत.
कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या.
"नंबर प्लीज" तीन भाषांच्या चालीत म्हणायची,
गुजरातीत जरा जास्त गोड.

आता सकाळी तिची बोटं उघडत नाहीत.
ओल्या हळकुंडांसारखी, गाठीगाठींची, गरम.
"घरात कुणी शिरलेलं नाही गं," ती म्हणते,
"तरी हे मेले चोर चोर करून ओरडतायत."

मी फत्तेगंजच्या बाजूला, युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये
त्या ओरडणाऱ्यांनाच पाळते.
मॅक्रोफेज. ताटलीच्या तळाला चिकटून बसतात
सदतीस अंशांवर, गुलाबी पाण्यात.
एक दिवसाआड त्यांना खायला घालते
आणि शुक्रवारी चिथावते.
एक थेंब इंटरफेरॉन:
पेशीच्या दारावर थाप पडते, आतलं एन्झाइम जागं होतं,
शेजारच्याला फॉस्फेट चिकटवतं,
शेजारचा धावत केंद्रकात शिरतो
आणि अख्खी पेशी पेटून उठते.

अर्धा तास आधी औषध घातलं
तर थाप पडते तशीच.
पण एन्झाइमच्या खाचेत, ऊर्जेच्या रेणूची जिथं जागा,
तिथं हा उपरा मांडी घालून बसलेला.
निरोप उंबऱ्यातच राहतो.

"त्या एन्झाइमचं नाव जॅक," मी आत्याला सांगितलं.
ती इतकी हसली की चहा बशीत सांडला.
"आमच्या भिंतीला होते की साडेतीनशे!
बिघडलेल्या लाइनीत लाकडी खुंटी खुपसायचो, लाल टोकाची."
हो आत्या, तीच खुंटी.
सकाळ-संध्याकाळ एकेक.

सहाव्या आठवड्यात तिनं स्वतःची वेणी स्वतः घातली.
उंधियूसाठी सव्वा किलो पापडी सोलली,
कुणाला हात लावू दिला नाही.
मग माघात कमरेला नागीण.
लहानपणीच्या कांजिण्या, साठ वर्षं
मज्जातंतूच्या मुळाशी निजलेल्या,
उठल्या तेव्हा कुणीच ओरडलं नाही.
डॉक्टर गोरडियांनी गोळी महिनाभर थांबवली.

त्याच महिन्यात, हळकुंडं परतलेली असताना,
आत्यानं सांगितलं, जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

दंगलीची रात्र. सुपरवायझरचा हुकूम:
मांडवीकडची एकही लाइन देऊ नका, अफवा पसरतायत.
"पसरतच होत्या गं. दुधात विष, अमक्या पोळात मुडदे.
दिवे लागायचे भिंतीवर, मी हात मांडीवर ठेवून बसायची.
त्यानं शहर वाचलं म्हणतात. वाचलंही असेल.
पण एक दिवा होता, खालून दुसऱ्या ओळीतला.
अकरा मिनिटं लागत-विझत राहिला.
घड्याळ समोरच होतं ना.
सकाळी कळलं, तिकडं लाकडाची वखार जळाली,
वर माळ्यावर माणसं राहायची.
तो दिवा त्यांचा की आणखी कुणाचा,
मी कधी विचारलं नाही."

जरा वेळानं म्हणाली,
"तुझ्या औषधाला कळतं का, कुठली हाक खोटी?"

नाही, आत्या. त्याला फक्त खाच कळते.

आज प्लेट वाचली. शहाण्णव खळगे.
औषधाविना ठेवलेली रांग हळदीसारखी पिवळी,
पुढं मात्रा वाढेल तसा रंग उतरत गेलेला,
शेवटच्या रांगेत नुसतं पाणी.
आलेख सुंदर आला. सर म्हणाले, पेपर होईल.
मी शेवटच्या रांगेतला एक खळगा
उगाच पुन्हा वाचला.

सोमवारपासून गोळी सुरू, अर्ध्या मात्रेत.
"दे," आत्या म्हणाली, "मला बोटं हवीत."
गिळली. पाण्याचा पेला दोन्ही तळव्यांत धरून
खाली ठेवला.
मग हात मांडीवर ठेवले, उताणे,
आणि उघडतायत का, बघत बसली.